हालबेरानं रशियन उठवला

होल्ट नावाच्या शेतावरच्या हालबेराला कुणी जाडी म्हटलेलं चालायचं, पण तिच्या जीपला जड म्हटलेलं चालायचं नाही. स्वतःच्या अंगावरून ती स्वतःच विनोद करायची. चर्चच्या गायनवृंदात मागच्या बाकावर बसताना म्हणायची, सरका रे बाबांनो, जहाज धक्क्याला लागतंय. जीपचा विषय निघाला की मात्र बाई हातघाईवर यायची. त्या जीपचा एकेक पत्रा तिनं कोकरांच्या काट्यावर तोलून मगच बसवला होता आणि जे जड भरलं ते गोठ्यामागं भिरकावून दिलं होतं. आमच्या खोऱ्यात लोक कोकरं तोलतात, हालबेरा मडगार्डं तोलायची.

जीप कसली, रशियनच तो. एके काळी आमच्या आइसलंडनं रशियाला मासे दिले आणि बदल्यात जीपा घेतल्या. उत्तरेकडच्या खोऱ्यांतून तेव्हा ह्या गाड्या बऱ्याच शेतांवर आल्या. सगळे त्यांना नुसतं 'रशियन' म्हणायचे, आणि तेही घरातल्या एखाद्या आडदांड चुलत्याबद्दल बोलावं तसं. हालबेराच्या बापानं, ओद्गेरनं, असाच एक घेतला. त्यात बसून लोक चर्चला गेले, लग्नाला गेले, मयतीला गेले. हालबेराचा जन्मही त्याच गाडीत व्हायचा, पण तिच्या आईनं दात-ओठ खाऊन दवाखान्यापर्यंत कळ काढली म्हणून थोडक्यात चुकला. पुढं इंजिन बसलं, ओद्गेरनं गाडी गोठ्यामागं ढकलली आणि तिच्यात कोंबड्या राहायला गेल्या. माणसं विसरली, कोंबड्यांनी मात्र गाडी आपली मानली.

हालबेरा हिवाळ्यात शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, उन्हाळ्यात गवत कापायची, आणि वर्षभर मेंढ्या होत्याच. लग्नाचं जमलं नाही, म्हणजे तिनंच जमवलं नाही. फाटकं आणि गवताची यंत्रं दुरुस्त करता करता ती वेल्डिंग शिकली आणि इतकी शिकली की शेजारच्या खोऱ्यातूनही लोक मोडकी अवजारं घेऊन यायचे. एकच गोष्ट तिच्या मनात सलत होती. शरद ऋतूत सगळं खोरं मिळून पठारावरच्या मेंढ्या खाली आणतं, त्यात ती पहिल्यापासून असायची. पण बर्फ पडल्यावर चुकार मेंढ्यांच्या शोधाला मोठ्या चाकांच्या जीपा घेऊन पुरुष जायचे आणि हालबेरानं घरी राहून मटणाचं सूप करायचं, असं ठरूनच गेलं होतं. ते कुणी ठरवलं, विचाराल तर कुणीच नाही. सूप चांगलं येतं म्हणून जन्मभर सूपच ढवळायचं की काय, असं ती एकदा वैतागून म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रशियनमधल्या कोंबड्यांना बाहेर काढलं.

कोंबड्यांनी जागा सुखासुखी सोडली नाही. एक तांबडी तर महिनाभर येऊन स्टिअरिंगपुढं बसायची. हालबेरा तिला उचलून बाहेर ठेवायची आणि गंज खरवडायला लागायची. वरची घाण निघाली तसा खालचा सांगाडा ठणठणीत निघाला. मग बाईला हुरूप आला. दोन शेतं पलीकडं पडलेल्या मोडक्या जीपचे रुंद आस तिनं मागून आणले. अकुरेरी शहरात उलटलेल्या एका टॅक्सीचं हलकं पेट्रोल इंजिन मिळालं, ते बसवलं. गोगलगायीच्या चालीनं जाता यावं म्हणून आणखी एक गिअरपेटी जोडली. रुंद टायरांना रुंद रिम लागतात, तर तिनं जुन्या रिम मधोमध कापल्या, मध्ये पोलादी पट्टी घातली आणि पुन्हा जोडल्या. पहिली रिम अशी वाकडी झाली की फिरवली तर नाचायला लागली. दुसरी बरी झाली. तिसरीपासून तिचा हात बसला आणि तिनं पहिल्या दोन पुन्हा कापल्या.

केटिल तेव्हा रोज यायचा. केटिल म्हणजे पलीकडच्या शेतावरचा शेतकरी, शाळेत तिच्या शेजारी बसलेला, गायनवृंदात खालच्या पट्टीत गाणारा, आणि आमच्या खोऱ्याचा डोंगरराजा. मेंढ्या खाली आणण्याच्या मोहिमेचा जो म्होरक्या, त्याला आम्ही डोंगरराजा म्हणतो. त्या दिवसांत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, मग एरवी घरात त्याला कुणी विचारो ना विचारो. केटिलकडं नवी कोरी, घराएवढी जीप होती, तिच्यात बसल्या जागी कॉफी गरम व्हायची. तो दारात टेकून कॉफी प्यायचा आणि शेरे मारायचा. म्हणायचा, हे पळणार नाही, पण अंडी नक्की देईल. त्याची बायको दाल्ला त्याला म्हणायची, तू तुझं बघ, तुझ्या गाडीचा टायर बदलायला तुला शहरातून माणूस लागतो.

मडगार्डांच्या कडा हालबेरानं फायबरच्या केल्या आणि साचा म्हणून मेंढ्यांच्या गव्हाणीचा वाकडा लाकडी काठ वापरला. फायबरच्या रसायनाचा वास तिच्या स्वेटरात असा मुरला की गायनवृंदात दोन्ही बाजूंच्या बायका बाकावर हातभर लांब सरकल्या. छप्पर काढलं, ताडपत्री आली. दारं काढली, तिथंही ताडपत्रीच. मागचं बाक काढलं. हीटरही काट्यावर ठेवून पाहिला, बराच वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि मग तो परत बसवला. मी हालबेरा आहे, संत नव्हे, असं म्हणाली.

तर रशियन उठला. पण उठला ऐन उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात रानात चाक घालणं म्हणजे आमच्याकडं पाप. शेवाळावर टायरचा ओरखडा उठला तर नातवंडांच्या काळापर्यंत दिसतो आणि ओरखडा कुणाचा हेही नातवंडांना ठाऊक असतं. जमीन गोठावी, वर बर्फ बसावं, तेव्हाच रस्ता सोडायचा. त्यामुळं रशियन तपासणीत पास झाला, चर्चपर्यंत जाऊन आला, पण तो खरा कामाचा की नुसता शोभेचा हे खुद्द हालबेरालाही माहीत नव्हतं. घोडामैदान जवळच आहे, असं ती सगळ्यांना सांगायची आणि रात्री अंथरुणात तिला झोप यायची नाही.

आणि मग गोल्साची गोष्ट झाली.

गोल्सा ही हालबेराची म्होरकी मेंढी. म्होरक्या मेंढ्यांची जातच वेगळी असते, उंच, काटक, डोक्यानं तल्लख. कळपाच्या पुढं चालतात, वाट काढतात आणि हवा बदलायची असली की माणसाच्या आधी ओळखतात. गोल्साची पाठ पांढरी, पोट काळं, आणि नजर अशी की जणू आपणच तिच्या मालकीचे आहोत. तिचं रक्त हालबेराच्या पणजीपासून होल्टवर चालत आलेलं. पण गोल्सा आता म्हातारी झाली होती. म्होरकेपण रक्तात असलं तरी प्रत्येक कोकरात उतरतंच असं नाही. तिची आधीची एक लेक नुसतीच मेंढी निघाली, गवत खायची आणि दुसऱ्यांच्या मागं जायची, बाकी सगळे नर. ह्या वसंतात तिला एक मादी कोकरू झालं, आईच्याच रंगाचं. हेच शेवटचं, हे दिसतच होतं. त्याला अजून नाव नव्हतं. हिवाळ्यासाठी घरात ठेवायचं ठरलं की मगच आम्ही कोकराला नाव देतो.

त्या वर्षी मेंढ्या खाली आल्या, पण गोल्सा आली नाही. तिच्याबरोबर दहा-बारा मेंढ्याही मागं राहिल्या, त्यांत केटिलच्याही होत्या. दुसरं कुठलं खोरं असतं तर लगेच पुन्हा शोधाला गेलं असतं. आम्ही मात्र शहाणे. आम्ही म्हणालो, गोल्सा आहे ना बरोबर, मग काळजी कसली? बर्फ पडायच्या आत ती सगळ्यांना घेऊन येईल. ती येत नाही याचा अर्थच हा की बर्फ अजून लांब आहे. डोंगरराजानं हे चर्चबाहेर सगळ्यांसमोर सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, हालबेरानंही डोलावली. मेंढीच्या भरवशावर अख्खं खोरं निवांत घरी बसलं. काही जणांनी तर गवतही आत घेतलं नाही.

आणि बर्फ कोसळलं. नुसतं पडलं नाही, कोसळलं, तीन दिवस कुंपणं दिसेनात.

उघडीप झाली तसे मोठ्या जीपा घेऊन लोक निघाले. केटिलची सर्वांत पुढं. पठाराच्या तोंडाशीच भुसभुशीत बर्फ लागलं आणि त्या अवजड गाड्या पोटापर्यंत रुतल्या. एकीनं दुसरीला ओढायचं, तोवर तिसरी रुतायची. संध्याकाळी सगळे हात हलवत परत आले आणि हालबेराच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून सूप प्यायले. केटिल म्हणाला की आता थांबावं, बर्फ बसेपर्यंत कुणी जाऊ नये. बर्फ बसायला महिना लागेल आणि तोवर वर काही जिवंत राहणार नाही, हे तिथं सगळ्यांनाच कळत होतं. 

हालबेरानं पळी खाली ठेवली. "उद्या मी जाते," ती म्हणाली.

कशात जाणार, हे कुणी विचारलं नाही. केटिलनं कपाळाला हात लावला आणि सांगितलं की एकटीनं पठारावर जायचं नाही हा नियम आहे, आणि नियम डोंगरराजाचा आहे. मग डोंगरराजानंच यावं बरोबर, असं दाल्ला कोपऱ्यातून म्हणाली. सगळे हसले आणि केटिल अडकला.

सकाळी उजाडताच दोघं निघाली. मागच्या मोकळ्या जागेत गच्च भरलेले पेट्रोलचे डबे, सोबत दोर, फावडं, लोखंडी पहार, लोणी आणि सुकवलेला मासा, आणि दाल्लानं दिलेली क्लेनुरची, म्हणजे तळलेल्या पिळदार शंकरपाळ्यांची, पिशवी. केटिल चढला तसा रशियन त्याच्या बाजूला कलला. हालबेरानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"गाडीतलं जड ते सगळं मी काढून टाकलं होतं रे," ती म्हणाली, "आता तू तेवढा राहिलास."

शेवटच्या फाटकाशी तिनं गाडी थांबवली आणि चाकं बर्फात रुतू नयेत म्हणून टायरांची हवा सोडायला बसली. केटिल वरून सूचना देत होता. बास कर, अजून सोडू नकोस, टायर रिमवरून निघेल. ती सोडतच राहिली, टायर थापटलेल्या कणकेसारखे रुंद पसरेपर्यंत सोडत राहिली.  एवढ्या वर्षांचं वेल्डिंग, ती तोलमापं, लोकांची थट्टा, सगळं आता पुढच्या दहा पावलांत खरं-खोटं होणार होतं. तिनं सगळ्यांत मंद गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूच सोडला.

रशियन बर्फावर चढला आणि वरच राहिला.

रुतला नाही, धडपडला नाही. कोंबडीनं अंगणातून जावं तसा पाय उचलत उचलत निघाला. केटिल बाजूनं वाकून चाकांकडं बघत राहिला, मग सरळ बसला, मग पुन्हा वाकला. आदल्या दिवशी त्याची स्वतःची जीप जिथं बुडाली होती तो खड्डा डावीकडून मागं गेला.  हालबेरानं त्याला एक क्लेनुर दिली आणि गायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला त्याच्यानं राहवेना, त्यानं आपली खालची पट्टी लावली आणि पठारभर दोघांचा आवाज घुमला. वाटेत खरंच एक टायर रिमवरून निघाला. मी सांगत होतो, असं म्हणायची संधी केटिलनं सोडली नाही. पण त्यानंच फटीत लायटरचा गॅस फवारला आणि लांबून काडी लावली. धडाम आवाज झाला, त्या धक्क्यानं टायर फुगून रिमवर जागच्या जागी बसला, आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखी हसत सुटली.

दुपारच्या सुमारास लाव्हाच्या काळ्या खडकांचं एक बेट दिसलं आणि खडकांच्या आडोशाला मेंढ्या. सगळ्या उभ्या होत्या. पुढं गोल्सा, शेपटापाशी तिचं कोकरू. आणि जवळ पोचल्यावर दोघांना कळलं की गोल्सा का आली नाही. शरदातल्या पुरात नदीनं पात्र बदललं होतं आणि त्या बेटाला दोन्ही बाजूंनी वेढा घातला होता. आता ती गोठली होती, पण पलीकडं मेंढीच्या छातीएवढं बर्फ. गोल्साला हवा कळत होती, सगळं कळत होतं, जायला वाटच नव्हती. केटिलनं टोपी काढली. आम्ही तुझ्यावर सगळं टाकून घरी बसलो गं, असं तो मेंढीला म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला.

नदीवरच्या बर्फाची जाडी बघायला पहार घेऊन, कमरेला दोर बांधून केटिलच पुढं गेला. तू पार झालास तर रशियन सहज होईल, असं हालबेरानं त्याला सांगितलं होतं. तो पार झाला, रशियनही झाला.

आता मेंढ्या न्यायच्या कशा? गाडीत मावली तर एखादी. हालबेरा मागं वळून आपल्याच चाकोऱ्यांकडं बघत उभी राहिली. रुंद टायरांनी बर्फ नांगरलं नव्हतं, चेपलं होतं. दोन घट्ट, सपाट वाटा घराच्या दिशेनं गेल्या होत्या. तिनं एका चाकोरीत उतरून उड्या मारल्या. एवढ्या अंगाची बाई, पण पाय घोट्यापर्यंतही गेला नाही. तिनं गाडी वळवली, त्याच चाकोऱ्यांत घातली आणि अगदी हळू निघाली. गोल्सानं वास घेतला, एक पाय ठेवून पाहिला, आणि रशियनच्या मागं चालायला लागली. तिच्यामागं कोकरू, मग एकामागं एक बाकीच्या. हालबेरा मान वळवून वळवून बघत होती. तिला इतका आनंद झाला की तिनं हीटर बंद केला, उगीच, नुसतं काहीतरी करायचं म्हणून.

अर्ध्याहून अधिक वाट संपली आणि गोल्सा बसली. थांबली नाही, बसलीच. हालबेरा धावत गेली, तिचे पाय चोळले, तोंडाशी तोंड नेऊन विनवण्या केल्या. गोल्सानं तिच्याकडं शांतपणे पाहिलं. म्हातारीचं जेवढं होतं तेवढं संपलं होतं. तिला उचलून गाडीत घालणं एवढाच उपाय होता, आणि गाडीत जागा एकच.

"केटिल, ऊठ," हालबेरा म्हणाली. "जागा दे तिला."

आमच्या खोऱ्याचा डोंगरराजा निमूटपणे उतरला. दोघांनी मिळून गोल्साला त्याच्या जागी बसवलं, पट्टा लावला, आणि केटिल मेंढ्यांच्या मागं चालायला गेला. हालबेरानं गाडी पुढं घेतली. मेंढ्या हलेनात. पुढं कुणी नव्हतं. त्या एकमेकींत तोंडं खुपसून उभ्या राहिल्या, दोन तर चाकोरी सोडून मऊ बर्फात गेल्या आणि छातीपर्यंत रुतल्या. केटिलनं मागून हाकललं, ओरडला, हात हलवले, काही उपयोग नाही. उजेड उतरायला लागला होता. हालबेरानं पुन्हा गाडी थांबवली. म्होरकीशिवाय ह्या इथून हलणार नाहीत, आणि म्होरकी तर शेजारच्या सीटवर डोळे मिटून पडली आहे.  एवढं करून, एवढं जवळ येऊन.

गोल्साचं कोकरू गाडीपाशीच उभं होतं. आई दिसेना म्हणून एकदा बेंबाटलं. मग गप्प झालं. मागं वळून त्या घाबरलेल्या मोठ्या मेंढ्यांकडं त्यानं पाहिलं, बराच वेळ पाहिलं.  कोकरू परत मेंढ्यांपर्यंत गेलं, सगळ्यांत पुढच्या मेंढीला डोक्यानं ढुशी दिली, वळलं आणि मान ताठ करून चाकोरीतून चालायला लागलं. हालबेरानं गाडी हळूच पुढं काढली. ज्या मेंढीला ढुशी बसली तीही निघाली. मग तिच्यामागची. रुतलेल्या दोघींना केटिलनं शिंगं धरून बाहेर ओढलं, त्याही रांगेत लागल्या. कोकराला हे कुणी शिकवलं नव्हतं. ह्याच वसंतात जन्मलेलं पोर ते.

मागून केटिलचा आवाज आला. एवढा भारदस्त गडी, पण आवाज फुटला होता.

"हालबेरा, बघतेस का? अगं, बघतेस का तू?"

ती बघत होती, म्हणजे डोळ्यांत पाणी आल्यामुळं तिला काहीच दिसत नव्हतं. ती रडत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती, आणि एका हातानं गोल्साची मान खाजवत होती. खाली दरीत होल्टचा दिवा लागलेला दिसला. तिनं रशियनचा वेग आणखी कमी केला. घाई कशाला करायची, मागून म्होरकी येत होती.